मोटारीची टाकी केव्हा भरावी आणि किती भरावी?

कुळागर (फोंडा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी फोंड्याला राहते आणि नोकरीसाठी रोज मोटारीने पणजीला जाते. जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. शिवाय महिन्यातून एकदा तरी आईला भेटायला चोर्ला घाटातून बेळगावला जावे लागते. गाडी पेट्रोलची आहे, २०२१ सालची, आणि तिच्या पुस्तकात टाकीची क्षमता ३७ लिटर दिलेली आहे.

आजवर मी पेट्रोल भरण्याचा फारसा विचार केला नव्हता. काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला की वाटेत येईल त्या पंपावर ५०० रुपयांचे पेट्रोल घ्यायचे, असा माझा क्रम होता. बेळगावला जायच्या आदल्या दिवशी मात्र टाकी पूर्ण भरून घेत असे, आणि त्या वेळी पंपावरचा मुलगा नोझल आपोआप थांबल्यावरही रक्कम पुरी करण्यासाठी आणखी दोन-तीन वेळा थोडे थोडे पेट्रोल घालत असे. मी त्याला कधी अडवले नाही. गेल्या जूनपासून टाकी भरल्यावर गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला आणि पंपावरून निघताना इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होईना. असे तीनदा झाल्यावर गाडी गॅरेजमध्ये दाखवली. टाकीतील वाफा धरून ठेवणारा कोळशाचा डबा पेट्रोलने भिजून निकामी झाला आहे, असे तिथे सांगण्यात आले, आणि तो बदलण्याचा खर्च माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक आला.

तेव्हापासून ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. काटा अर्ध्याच्या खाली कधीही जाऊ देऊ नये, असे माझे सासरे सांगतात. कार्यालयातील एक सहकारी म्हणतात की भरलेली टाकी म्हणजे गाडीवर नाहक ओझे, म्हणून नेहमी अर्धीच भरावी. पहाटे थंड वेळी भरलेले पेट्रोल जास्त मिळते, असे शेजाऱ्यांचे मत आहे. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, असा संदेशही मला दोनदा आला. यातले खरे काय, आणि ते तसे का, हे कोणी समजावून सांगेल का? नुसता नियम नको आहे. कारण कळले तर तो पाळणे मला सोपे जाईल.


मांडवीतीर यांचे उत्तर

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत बरीच वर्षे मोटार दुरुस्ती शिकवली. आपण कारण विचारले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपल्याला ज्याचा खर्च सोसावा लागला, त्या भागापासून सुरुवात करू.

पंपावरच्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि त्यातून एक पातळ नळी मुठीपर्यंत गेलेली असते. पेट्रोल वाहत असताना त्या प्रवाहाच्या ओढीने या छिद्रातून हवा आत खेचली जाते. टाकीतील पातळी वर येऊन पेट्रोलने छिद्र झाकले की हवा थांबते, आतला दाब एकदम उतरतो, त्याने एक पडदा ओढला जातो आणि झडप बंद होते. आपल्याला जो ‘टक्’ असा आवाज येतो तो याचाच. यात वीज नाही की संगणक नाही. पातळी वर आली, एवढेच ते यंत्र सांगते, आणि ते बहुतेक वेळा बरोबर सांगते.

टाकी काठोकाठ भरण्यासाठी बनवलेलीच नसते. कारखान्याने दिलेल्या ३७ लिटरच्या वर काही जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, कारण पेट्रोल तापले की फुगते आणि त्याच्या वाफाही होतात. त्या वाफा उघड्यावर सोडायच्या नाहीत, म्हणून एका नळीने त्या सक्रिय कोळशाच्या डब्यात नेल्या जातात. कोळसा त्या धरून ठेवतो. पुढे इंजिन चालू असताना एक झडप उघडते, डब्यातून ताजी हवा ओढली जाते आणि साठलेल्या वाफा इंजिनात जाऊन जळतात. ही व्यवस्था फक्त वाफेसाठी आहे. ‘टक्’ झाल्यावर रक्कम पुरी करण्यासाठी लिटर-दीड लिटर वर घातले की पेट्रोल भरण्याच्या नळीत आणि तिथून वाफेच्या नळीत चढते आणि द्रवरूपातच कोळशावर जाते. एकदा भिजलेला कोळसा वाफा धरत नाही, म्हणून वास येतो. झडप उघडली की इंजिनाला वाफेऐवजी गरजेहून कितीतरी जास्त पेट्रोल मिळते, म्हणून नेमके टाकी भरल्यावरच गाडी सुरू व्हायला त्रास देते. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे याच बिघाडाची आहेत, त्यामुळे गॅरेजने केलेले निदान मला योग्य वाटते.

तेव्हा पहिला ‘टक्’ झाला की थांबायचे. याला एकच अपवाद आहे. टाकी जवळजवळ रिकामी असताना चार-पाच लिटरवरच नोझल थांबले, तर ते फेसामुळे किंवा नोझल तिरके धरल्यामुळे थांबलेले असते. अशा वेळी ते नीट बसवून सावकाश पुन्हा भरायला हरकत नाही. किती पेट्रोल मावायला हवे याचा अंदाज काट्यावरून आपल्याला असतोच.

आता टाकी किती रिकामी होऊ द्यावी, ते पाहू. आजच्या पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या मोटारीतूनच पेट्रोल वाहते आणि ते तिला थंडही ठेवते व वंगणाचे कामही करते. पंपाभोवती एक लहान वाटीसारखे भांडे असते आणि पातळी खाली गेली तरी ते भरलेले राहावे अशी योजना केलेली असते. म्हणून काटा अर्ध्याखाली गेला की पंप जळतो, ही भीती खरी नाही. पिवळा दिवा लागल्यावरही रोज रोज तशीच गाडी चालवत राहणे मात्र वेगळे. पातळी अगदी तळाशी असली की वळणावर आणि चढावर पेट्रोल एका बाजूला जाते, पंप मधूनमधून हवा ओढतो आणि तेवढा वेळ कोरडा चालून तापतो. हे एकदा झाल्याने काही बिघडत नाही, पण त्याची सवय झाली तर पंपाचे आयुष्य कमी होते. पेट्रोल पूर्ण संपून इंजिन धक्के खात बंद पडले, तर न जळलेले इंधन धुराच्या मार्गावरील, धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरकापर्यंत जाऊन त्यालाही इजा करू शकते. डिझेल गाडीत हा प्रश्न अधिक गंभीर असतो, कारण तिथे उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते आणि नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते.

तळाचा गाळ वर येतो, असेही पुष्कळजण सांगतात. पंप पहिल्या दिवसापासून तळाजवळूनच पेट्रोल ओढत असतो, मग टाकी भरलेली असो वा रिकामी, आणि त्याच्या तोंडाला जाळीही असते. त्यामुळे हे कारण मी फारसे धरत नाही. सुमारे पाव टाकी उरली की भरावी, हे माझे मत.

आपल्या सहकाऱ्यांचा वजनाचा मुद्दाही मोजून पाहू. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असते. अर्धी टाकी म्हणजे साडेअठरा लिटर, म्हणजे सुमारे १४ किलो. शाळेत जाणारे एक लहान मूल गाडीत बसल्याने जेवढा फरक पडेल, तेवढासुद्धा नाही. चाकांत हवा कमी असेल तर त्याने याहून जास्त पेट्रोल जाते.

पहाटेचे पेट्रोल आणि उन्हाळ्यातला स्फोट, या दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबात आहे. पेट्रोल १० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान साधारण एक टक्क्याने वाढते. ३७ लिटरमागे ही वाढ सुमारे ३५० मिलिलिटर होते, आणि टाकीत ठेवलेली मोकळी जागा अशाच वाढीसाठी असते. त्यामुळे ‘टक्’पर्यंत भरलेली टाकी मे महिन्यातही सुरक्षित असते. तो संदेश इंडियन ऑईलच्या नावाने फिरत असे, आणि वाहननिर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कोणत्याही ऋतूत भरावी, ती सुरक्षित आहे, असा खुलासा त्या कंपनीने स्वतः केलेला आहे. पहाटेचे म्हणाल, तर पंपावरचा साठा जमिनीखालच्या टाक्यांत असतो आणि तिथले तापमान सकाळ-दुपार फारसे बदलत नाही. दोन अंशांचा फरक मानला तरी ३० लिटरमागे ६० मिलिलिटरपेक्षा कमी लाभ होईल.


केरी-सत्तरी यांचे उत्तर

वरचे उत्तर यंत्राच्या दृष्टीने पूर्ण आहे. मला घाटाविषयी लिहायचे आहे, कारण मी नोकरीनिमित्त सतत चोर्ला घाटातून जातो आणि वाटेत पेट्रोल संपून थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पाव टाकीचा नियम फोंडा-पणजी रस्त्यासाठी योग्य आहे, तिथे पंप जवळजवळ आहेत. बेळगावला जाताना मात्र टाकी भरूनच साखळी गाव सोडावे. घाटाच्या पायथ्याचे केरी मागे पडल्यावर पलीकडचे जांबोटी येईपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये. मोल्याहून अनमोड घाटाने गेलात तरी हेच लागू आहे. पावसाळ्यात झाड किंवा दरड कोसळून रस्ता बंद झाला, की मागे फिरून दुसऱ्या घाटाने जावे लागते आणि ठरवलेल्या अंतरात आणखी कितीतरी किलोमीटरांची भर पडते. धुक्यात, पावसात दोन-तीन तास एका जागी अडकून पडलो तर काच स्वच्छ राहावी म्हणून इंजिन आणि वातानुकूलन चालू ठेवावे लागते. उभ्या गाडीतही लहान पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते, वातानुकूलन चालू असेल तर आणखी. म्हणून जून ते सप्टेंबर मी स्वतः अर्ध्या टाकीखाली जात नाही. आपल्या सासऱ्यांचा नियम टाकीतल्या पंपासाठी खरा नसेल, पण आमच्या भागातल्या रस्त्यांसाठी तो मला खरा वाटतो.

गाडीतला पडदा आणखी किती किलोमीटर जाता येईल ते दाखवतो, त्यावर घाटात विसंबू नये. तो आकडा मागच्या काही अंतराच्या सरासरीवरून काढलेला असतो. पणजीहून सपाट रस्त्याने आलेल्या गाडीला तो ९० किलोमीटर दाखवेल, आणि केरीचा चढ सुरू झाल्यावर तोच आकडा डोळ्यांदेखत ५० वर येईल. काट्याचेही तसेच आहे. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या वरखाली होण्यावर काटा हलतो, आणि गाडी चढावर उभी असेल तर तो चुकीचे दाखवतो. सपाट जागी गाडी थांबवून मगच काटा वाचावा.

सीमेपलीकडे जाणाऱ्यांनी दराचाही विचार करावा. २०१२ च्या अर्थसंकल्पात मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले, हे अनेकांना आठवत असेल. पुढे तो कर टप्प्याटप्प्याने वाढला, तरीही महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मानाने आपल्याकडचे पेट्रोल अजून स्वस्त आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातील लोक या बाजूला येऊन टाकी भरतात ते उगीच नव्हे. आपण बेळगावला निघताना गोव्यातच पहिल्या ‘टक्’पर्यंत भरून घेतले, तर परत येईपर्यंत पलीकडे पेट्रोल घेण्याची गरज पडणार नाही. स्वस्त मिळते म्हणून प्लास्टिकच्या कॅनमधून जादा पेट्रोल गाडीत नेण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. बंद गाडीत त्याच्या वाफा साठतात, आणि अपघातात काय होईल याचा विचारही करवत नाही.


बार्देस_घर यांचे उत्तर

या चर्चेत अजून न आलेली एक बाजू मांडते. माझे यजमान बोटीवर असतात आणि सलग सहा-सात महिने घरी नसतात. आमच्यासारखी कुटुंबे गोव्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या गाड्या पावसाळाभर दारात उभ्या असतात.

आमची आधीची गाडी जुनी होती आणि तिची टाकी पत्र्याची होती. एका वर्षी मे महिन्यात पिवळा दिवा लागलेल्या अवस्थेतच ती झाकून ठेवली. नोव्हेंबरमध्ये ती सुरू झाली नाही. टाकी उतरवली तेव्हा आत वरच्या भागाला गंज धरलेला होता आणि तळाशी उरलेल्या पेट्रोलला वार्निशासारखा आंबूस वास येत होता. तेव्हापासून जास्त दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आम्ही भरून ठेवतो. टाकीत पेट्रोल जितके जास्त तितकी हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे तिच्याबरोबर येणारा दमटपणाही कमी.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, म्हणून हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि आज सर्वत्र तेच मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. मर्यादेत असेपर्यंत ते पाणी पेट्रोलबरोबर जळून जाते, पण मर्यादेबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर होऊन तळाशी बसतो, आणि पंप तर तळाजवळूनच ओढतो. कोणाकडे याचा मोजून काढलेला हिशेब असेल तर वाचायला आवडेल.

आम्ही दुसरी एक गोष्ट करतो. दर पंधरा दिवसांनी माझा दीर गाडी म्हापशाहून पेडण्यापर्यंत नेऊन आणतो. अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने काही साधत नाही असे आम्हाला मेकॅनिकने सांगितले होते, आणि तसा अनुभवही आला.


मांडवीतीर यांचे उत्तर

दमटपणाचा हिशेब विचारला आहे, तो असा. ३० अंश तापमानाला पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. टाकीत ३० लिटर हवा आहे असे धरले, तर त्यात एक ग्रॅमपेक्षाही कमी पाणी असेल, आणि तळाशी राहिलेले सात-आठ लिटर इथेनॉलमिश्रित पेट्रोल तेवढे पाणी सहज सामावून घेईल. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीच्या मालकाने अर्धी टाकी आणि दमट हवा यांची काळजी करू नये. दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन टाकी रोज थोडी हवा आत-बाहेर करते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीत मात्र ही भर साठत जाते. बार्देस_घर यांचा टाकी भरून ठेवण्याचा नियम त्यांच्या परिस्थितीला बरोबर आहे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असल्यामुळे गंजाचा प्रश्न उरलेला नाही, पेट्रोल जुने होण्याचा प्रश्न तसाच आहे. म्हणून पंधरवड्याने गाडी रस्त्यावर नेण्याची त्यांची पद्धत मला टाकी भरून ठेवण्याहूनही चांगली वाटते.

पेट्रोलमध्ये पाणी येण्याचा खरा धोका मला झाकणाच्या सुटलेल्या रबरी कड्यात दिसतो. ते कडे पावसाळ्यापूर्वी तपासावे. पंपावरच्या पेट्रोलविषयी शंका आली तर ग्राहकाला काही तपासण्या तिथेच मागता येतात. वैध मापनशास्त्र खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप प्रत्येक पंपावर असते, आणि त्यात भरलेले पेट्रोल जास्तीत जास्त २५ मिलिलिटरने कमी असलेले चालते. गाळणकागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. हे मागताना संकोच वाटू देऊ नये, कारण ते मागण्याची तरतूद ग्राहकासाठीच केलेली आहे. १०० ऐवजी ११० रुपयांचे भरल्याने माप बरोबर मिळते, या समजुतीला मात्र आधार नाही. यंत्र प्रवाह मोजते, त्याला रकमेशी कर्तव्य नसते. यंत्रावर शून्य आहे ना, एवढे पाहावे.


कुळागर (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. गेले पाच आठवडे मी पाव टाकी उरली की भरते, आणि नोझल लावण्यापूर्वीच पंपावरच्या मुलाला सांगते की पहिल्यांदा थांबले की काढायचे, रक्कम पुरी करायची नाही. पहिल्या दिवशी त्याला ते विचित्र वाटले, आता तो स्वतःच म्हणतो, “तुमचे एकदाच ना?” ठरावीक रकमेऐवजी मिळेल तेवढे भरून फोनवरून पैसे देते, त्यामुळे सुट्या पैशांचा प्रश्नही येत नाही.

यातून एक फायदा झाला, तो अपेक्षित नव्हता. दर वेळी त्याच पंपावर पहिल्या ‘टक्’पर्यंत भरल्यामुळे दोन भरण्यांमध्ये खरोखर किती पेट्रोल गेले ते कळू लागले. गेल्या वेळी ३१२ किलोमीटरना २०.८ लिटर लागले, म्हणजे लिटरला १५ किलोमीटर. पडद्यावरचा आकडा १६.७ होता. मी इतके दिवस तोच खरा मानत होते.

एक शंका उरली आहे. चवथीला सगळे घरी जमल्यावर आम्ही पाचजण सामानासह बेळगावला जाणार आहोत, आणि त्या दिवसांत इथल्या पंपांवर लांब रांगा असतात. दोन दिवस आधी भरून ठेवले तर चालेल ना?


केरी-सत्तरी

जरूर चालेल, आणि दोनऐवजी तीन दिवस आधी भरलेत तरी चालेल. फोंड्यातल्या फोंड्यात दोन दिवस फिरून पाच-सहा लिटर कमी झाले, तरी उरलेल्या तीस लिटरांत बेळगावला जाऊन परत येणे सहज होते. पाचजण आणि सामान असल्यामुळे चाकांतली हवा मात्र गाडीच्या पुस्तकात भरलेल्या गाडीसाठी दिली असेल तेवढी करून घ्या, आणि केरीच्या वर धुके असेल तर कणकुंबी येईपर्यंत घाई करू नका.